स्वप्नातील गाडी आणि रस्त्यावरील माणूस

२०२१ च्या डिसेंबर महिन्यात सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावाचे नाव वर्तमानपत्रांतून आणि मोबाईलच्या पडद्यावरून घरोघरी गेले. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून आम्हाला ते ठाऊक होते. या वेळी निमित्त वेगळे होते. तेथील दत्तात्रय लोहार या कारागिराने जुन्या गाड्यांचे सुटे भाग जमवून, सुमारे साठ हजार रुपयांत, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी एक छोटी जीप तयार केली होती. मुलाची हौस पुरवावी हा त्यामागचा हेतू. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी ती चित्रफीत पाहिली. त्यांनी कारागिराचे मनापासून कौतुक केले आणि सोबत हेही सांगितले की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती अडवतील. तेव्हा ती आम्हाला द्यावी आणि बदल्यात नवी बोलेरो घ्यावी. जानेवारी २०२२ मध्ये ही अदलाबदल झाली. लोहारांच्या दारात बोलेरो आली आणि त्यांची गाडी कंपनीच्या संशोधन केंद्राच्या संग्रहात गेली.

त्या दिवसांत भंडाऱ्याच्या चहाच्या टपऱ्यांवर यावरून बरीच चर्चा झाली. एकजण म्हणाला, नशीब उघडले. दुसरा म्हणाला, छे, आपल्या हातची लेक देऊन परकी सून घरी आणली. तिसऱ्याचा राग सरकारवर होता. आपल्या देशात हाताने काही केले की पहिला नियम आडवा येतो, असे त्याचे म्हणणे. आम्ही मात्र गप्प होतो. आमच्याकडे मत नव्हते असे नाही. या विषयावर बोलायचे तर आम्हाला आधी आमची एक चूक सांगावी लागली असती, आणि ती आम्ही तोवर कुणालाच सांगितली नव्हती. ती आज येथे सांगतो. तिच्याशिवाय या प्रश्नाचा विचार अर्धाच राहील.

प्रश्न असा आहे. आपल्या मनातील गाडी आपल्या हाताने, अगदी पहिल्या रेघेपासून घडवण्याचा माणसाला हक्क आहे का? असेल तर तो कुठपर्यंत?

* * *

भंडाऱ्यातून साकोलीकडे जाणारा महामार्ग तेव्हा ६ क्रमांकाचा होता, आता तो ५३ झाला आहे. मुंबई ते कोलकाता अशी सगळी मालवाहतूक त्यावरून जाते. या रस्त्याच्या कडेला आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींचे गॅरेज होते. टिनाचे छप्पर, समोर ऑईलने काळी झालेली माती, एका बाजूला पाण्याचे पिंप. मिस्त्रींच्या डाव्या पायावर अनेक वर्षांपूर्वी ट्रकचा गिअरबॉक्स पडला होता. तेव्हापासून तो पाय नावापुरता उरला होता. क्लच दाबता येत नाही म्हणून दुसऱ्यांच्या शेकडो गाड्या चालत्या करणारा हा माणूस स्वतः कुठली गाडी चालवू शकत नव्हता.

त्यांचा मधला मुलगा आमचा विद्यार्थी. अभ्यासात बेताचा, पण वहीच्या मागच्या पानांवर त्याची वेगळीच शाळा भरलेली असे. तिथे चाके, कमानपट्टे, स्टिअरिंगचे दांडे. २००८ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात रतन टाटांनी नॅनो दाखवली, एक लाख रुपयांची गाडी म्हणून तिचा देशभर गाजावाजा झाला, आणि या मुलाच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. एक लाखात होते तर चाळीस हजारात का होऊ नये? आणि तीत क्लच पायाशी न ठेवता हाताशी का असू नये? अब्बांना चालवता यावी अशी गाडी, हे त्याचे स्वप्न होते.

दीड वर्ष तो त्या कामाला लागला. कबाड्याकडून कोन-लोखंड आणून त्याने सांगाडा जोडला. इंजिन, मागचा धुरा आणि ब्रेक एका मोडीत निघालेल्या ऑटोरिक्षाचे. रिक्षाचा क्लच मुळात हाताने दाबायचा असतो, हे त्याच्या पथ्यावर पडले. आसने जुन्या मारुतीची. बॉनेटचा पत्रा त्याने स्वतः ठोकून वाकवला. आम्ही रोज संध्याकाळी तिकडे जाऊन बसत असू. वर्गात मान खाली घालणारा हा मुलगा तिथे हातात वेल्डिंगची कांडी घेऊन ताठ उभा राहायचा, ते पाहून आमचा ऊर भरून येत असे. आम्ही एका स्थानिक साप्ताहिकात त्याच्यावर चार परिच्छेद लिहिले. आपल्या समाजाच्या मुलांचे हात हेच आपले भांडवल आहे, असे काहीसे त्यात होते. ते लिखाण मोहल्ल्यात बरेच वाचले गेले. मुलाने ते कापून गॅरेजच्या भिंतीला चिकटवले.

२००९ च्या जुलैमध्ये, रोवणीच्या दिवसांत, गाडी पहिल्यांदा आवाराबाहेर निघाली. मिस्त्री घरी नव्हते. मुलगा चालवायला, शेजारी आम्ही. महामार्ग सोडून आम्ही वैनगंगेकडच्या एका गावाच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्या, चिखलात वाकलेल्या बायांच्या रांगा. वाटेत एका ठिकाणी रस्त्यावरून नाल्याचे पाणी वाहत होते. गाडी त्यातून सहज पार झाली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढे उतार होता. आम्ही म्हणालो, "पळव जरा, बघू तरी!"

हे चार शब्द आमचे आहेत. ते त्या मुलाचे नाहीत.

उताराच्या टोकाला वळणावर रोवणीवरून परतणारी एक वयस्क बाई रस्त्याच्या कडेने चालली होती. मुलाने ब्रेक दाबला. ब्रेक लागलाच नाही. त्याने गाडी बांधीत घातली, म्हणून मोठा अनर्थ टळला. पण मागच्या कोपऱ्याचा धक्का त्या बाईला लागला, ती पडली आणि तिचे मनगट मोडले.

कारण पुढे मिस्त्रींनी सांगितले, आणि ते कोणत्याही मेकॅनिकला समजावे इतके साधे होते. रिक्षाचे ब्रेक रिक्षाच्या वजनाच्या हिशोबाने केलेले असतात. या गाडीचा कोन-लोखंडाचा सांगाडा त्याहून कितीतरी जड. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. त्यात ड्रमच्या ब्रेकमध्ये पाणी शिरले की ते धरत नाहीत. पाण्यातून बाहेर पडल्यावर हलका ब्रेक दाबत थोडे हळू जायचे, म्हणजे तो सुकतो. आम्ही मात्र टाळ्या वाजवून उतारावर गाडी पळवली होती.

बाई मजूर होती. रोवणीचे दिवस म्हणजे धानपट्ट्यातील मजूर बाईच्या वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा. तो हंगाम तिचा गेला. मिस्त्रींनी गाडीचे इंजिन विकून तिच्या दवाखान्याचा खर्च केला आणि हंगाम संपेपर्यंत तिच्या घरी धान्य पोहोचवले. पोलिसांत कुणी गेले नाही. त्याचे आम्हाला तेव्हा बरे वाटले. ते बरे वाटणे आम्हाला आजही टोचते.

मिस्त्री आम्हाला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मास्टरसाब, लडके का दिमाग तेज है, ये आपने लिखा. ब्रेक कैसा है, ये किसी ने नही पूछा."

* * *

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

'पहिल्यापासून', 'शून्यातून', 'स्वतःच्या बळावर' हे शब्द आपण सहज वापरतो. पण माणूस शून्यातून काही घडवतो का? शून्यातून घडवणे हे एका अल्लाहचे काम, अशी आपली श्रद्धा आहे. माणूस जे करतो ती जुळवाजुळव. ही गोष्ट केवळ धर्माची नाही, आपल्या जिल्ह्याच्या नकाशावरही ती दिसते. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. पोलादाला बळकटी यायची तर मँगनीज लागते. भंडारा रोड स्टेशनजवळ वरठीला पोलादाचा कारखाना आहे, तेथे मोटारींच्या भागांसाठी लागणारे मिश्र पोलाद तयार होते. साकोलीच्या रस्त्यावर गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे. तेथून निघालेल्या नुसत्या चेसिस, वर ना केबिन ना छप्पर, डोक्याला गमछा गुंडाळून उन्हातान्हात हाकत नेणारे चालक आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. म्हणजे खाणीतला मजूर, भट्टीवरचा कामगार, चेसिस हाकणारा चालक, असे किती हात एका गाडीच्या आधी लागून गेलेले असतात! आमच्या त्या विद्यार्थ्याच्या कोन-लोखंडातही ते होते.

कल्पनेचेही तसेच आहे. गाडीच्या इंजिनात वरखाली होणारा दट्ट्या चाक गोल फिरवतो तो क्रँकच्या जोरावर. गोल फिरणे आणि पुढेमागे सरकणे यांची सांगड घालणारी अशी यंत्रे अल-जझारी याने १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात आकृत्यांसह दिली आहेत. हा दियारबकरच्या अर्तुकी दरबारातील यंत्रकार. पाणी उपसण्याची यंत्रे, घड्याळे, कारंजी, असे पन्नास नमुने त्याने लिहून ठेवले. त्याच्या ग्रंथाचे मोल असे की तो नुसत्या कल्पना सांगत नाही. भाग कसा कापायचा, कसा जोडायचा, हे तो दुसऱ्या कारागिराला करता यावे अशा रीतीने सांगतो. करून पाहिल्यावाचून विद्येला वजन नाही, हा त्याचा बाणा. आपल्या पूर्वजांचा अभिमान मिरवताना आपण घड्याळातील हत्तीचे चित्र दाखवतो. पण त्याची ही शिस्त दाखवायला विसरतो.

तेव्हा 'माझी गाडी मी घडवली' या वाक्यातील 'मी' थोडा लहान लिहावा लागतो. ज्या वस्तूत इतक्यांचे हात आहेत, तिच्यावर इतक्यांचा काही हक्कही असणार. पहिली गोष्ट ही.

* * *

दुसरी गोष्ट, स्वप्न वाईट नाही. आमच्या चुकीमुळे आम्ही स्वप्नालाच दोष दिला तर तो त्या मुलावर अन्याय होईल.

मनासारखे वाहन घडवून घेणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. पूर्वी गावचा सुतार प्रत्येकाची रेंगी त्याच्या बैलांची उंची पाहून करीत असे. शंकरपटासाठी छकडा करायचा तर एकेका लाकडाचे वजन हातात तोलून पाहिले जाई. कारखाने आले आणि माणूस घेणारा झाला. घडवण्यातील त्याचा शब्द गेला. ज्याच्या हाताला काम माहीत आहे त्याला हे खुपते, आणि खुपावेच.

१८९६ च्या जूनमध्ये डेट्रॉइट शहरात हेन्री फोर्डने घरामागच्या शेडमध्ये आपली पहिली गाडी पूर्ण केली. बाहेर काढताना लक्षात आले की दार अरुंद आहे. तेव्हा त्याने कुऱ्हाड घेऊन विटा फोडल्या. गाडी दारातून निघेल का, हे न पाहता ती बांधणारा माणूस पुढे जगाचा मोठा मोटार कारखानदार झाला. त्याच्या आठ वर्षे आधी, १८८८ मध्ये, बर्था बेंझ ही बाई नवऱ्याने बनवलेली गाडी घेऊन दोन मुलांसह माहेरी निघाली. सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. लाकडी ब्रेक झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांना चामडे ठोकून घेतले. गाडीचा शोध नवऱ्याच्या नावावर आहे. पण तिला थांबवण्याची काळजी बायकोने आणि एका चांभाराने वाहिली, हे आम्हाला फार बोलके वाटते.

आपल्या महाराष्ट्रातही असा एक माणूस होऊन गेला. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. त्यांच्याजवळ अभियांत्रिकीची पदवी नव्हती. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७० च्या दशकापर्यंत त्यांनी 'मीरा' नावाच्या छोट्या गाडीचे एकामागून एक नमुने तयार केले. मागे इंजिन असलेली, सामान्य माणसाला परवडावी अशी गाडी. बारा हजारांच्या आसपास तिची किंमत ठेवावी असा त्यांचा विचार होता. आयुष्याची उमेद आणि पदरचा पैसा त्यांनी त्यात घातला. परवाने आणि परवानग्यांच्या त्या काळात ती गाडी कारखान्यातून कधीच बाहेर पडली नाही. आज मारुती आणि नॅनोची कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे, मीरेची फार थोड्यांना.

म्हणून चहाच्या टपरीवरच्या त्या तिसऱ्या माणसाच्या रागात तथ्य आहे. आपला कायदा गाडी विकणाऱ्या कंपनीला ओळखतो आणि विकत घेणाऱ्या मालकाला ओळखतो. घडवणाऱ्या मिस्त्रीला त्यात जागा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या ठरावीक संस्थांकडून तपासून घ्यावा लागतो. तो खर्च कारखान्याला झेपतो, टिनाच्या छपराखालच्या माणसाला नाही. घेतलेल्या गाडीत मूळ रचनेविरुद्ध फेरफार करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये स्पष्ट केले.

शिवाय नियमाने तपासलेली गाडी म्हणजे निर्धोक गाडी, असेही नाही. २०१४ च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्यांची धडक-चाचणी घेतली. त्यांत नॅनो होती, आल्टो होती, परदेशी नावाच्या कंपन्यांच्याही गाड्या होत्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. पाचही कायदेशीर, पाचही रस्त्यावर. अमेरिकेत फोर्ड कंपनीची पिंटो ही गाडी १९७० च्या दशकात मागून धडक बसली की पेट घेई. इंधनाची टाकी मागे, धोक्याच्या जागी होती, आणि हे कंपनीच्या लोकांना माहीत होते. सुधारणेचा खर्च आणि माणसांच्या जिवाची किंमत यांची वजाबाकी मांडणारे कंपनीचे कागद पुढे उघड झाले. १९७८ मध्ये त्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तेव्हा गॅरेजमधल्या पोराने निष्काळजीपणा केला आणि कारखान्यातल्या साहेबांनी तो केला नाही, असे कुणी समजू नये. पोराला ठाऊक नव्हते. साहेबांना ठाऊक होते. यात अधिक दोषी कोण, हे सांगायला मुफ्तीची गरज नाही.

* * *

मग आम्ही कोणत्या बाजूला आहोत? स्वप्नाच्या की नियमाच्या?

पुष्कळ वर्षे आम्ही हा प्रश्न असाच मांडत होतो आणि उत्तर सापडत नव्हते. पुढे लक्षात आले की मांडणीच चुकीची आहे. या दोन बाजूंच्या भांडणात एक तिसरा माणूस आहे आणि त्याच्याकडे कुणी पाहत नाही. रोवणीवरून परतणारी ती बाई.

गाडीचे चित्र मुलाच्या वहीत होते. त्याच्या चित्रात अब्बा होते. आमच्या लेखात मुलगा होता, समाज होता, भांडवल होते. ती बाई कुठेच नव्हती. तिने ते स्वप्न पाहिले नव्हते, त्यात तिचा लाभ नव्हता आणि तिला कुणी विचारलेही नव्हते. स्वप्नाचा सगळा आनंद आमचा आणि धोका मात्र तिच्या वाट्याला, तोही तिला न सांगता. अन्याय हा. तो गॅरेजमध्ये झाला काय किंवा वातानुकूलित कचेरीत झाला काय, त्याची जात एकच.

स्वतःच्या जिवावर धोका पत्करणारा माणूस धाडसी असतो. दुसऱ्याच्या जिवावर धोका पत्करणाऱ्याला दुसरे नाव आहे. आपल्या शेतात, आपल्या आवारात, आपल्या घामाने हवे ते घडवावे. चाक रस्त्याला टेकले की प्रश्न बदलतो, कारण रस्ता आपला नाही. तो सगळ्यांची अमानत आहे. रस्त्यातला काटा-दगड बाजूला करणे हीसुद्धा नेकी आहे, हे आम्ही मकतबात शिकलो होतो. त्या दिवशी आम्हीच दगड होऊन त्या रस्त्यावर घरंगळत गेलो.

येथे कुणी म्हणेल, मुलाची नियत तर चांगली होती. अपंग बापासाठीच तो हे करीत होता. नियतीचे मोल आपल्याकडे मोठे आहे आणि अल्लाहच्या दरबारात ते त्याला मिळेलच. पण नियत चांगली म्हणून ब्रेक लागत नाही. आपल्याच परंपरेत असेही सांगितले आहे की वैद्यकी न शिकता जो इलाज करतो, तो होणाऱ्या हानीला जबाबदार असतो. त्याचीही नियत बरे करण्याचीच असते. चांगली नियत माणसाला शिकण्याची जबाबदारी माफ करीत नाही. उलट ती जबाबदारी वाढवते. पावसात एकाच स्कूटरवर चाललेले चौघांचे कुटुंब पाहून नॅनोची कल्पना सुचली, असे रतन टाटांनी सांगितले होते. नियत म्हणून यात खोट काढता येत नाही. तरी धडक-चाचणीत त्या गाडीला शून्य मिळाले. कळवळा आणि ज्ञान ही दोन चाके एका धुऱ्यावर असावी लागतात.

दोन्ही एकत्र आली म्हणजे काय होते, याचेही उदाहरण आहे. १९५९ मध्ये स्वीडनमधील व्होल्वो कंपनीचा अभियंता निल्स बोहलिन याने तीन ठिकाणी अडकवण्याचा सीटबेल्ट तयार केला. खांद्यावरून एक पट्टा, कमरेवरून एक, आणि एका हाताने लावता येईल असा. कंपनीकडे त्याचे पेटंट होते. मनात आणले असते तर जगभरच्या कारखान्यांकडून तिने पैसा वसूल केला असता. पण तो नमुना तिने इतर कंपन्यांना वापरण्यासाठी खुला ठेवला. आज आपण ज्या कुठल्या गाडीत बसतो, तिच्यात तो पट्टा आहे. गाडी देखणी करणाऱ्यांची नावे लोक घेतात. ज्याच्यामुळे असंख्य माणसे घरी परतली, त्याचे नाव किती जणांना माहीत आहे? आमच्या मते स्वप्नातील गाडी घडवणारा तो. त्याच्या चित्रात अनोळखी माणूस होता.

* * *

देवराष्ट्र्याच्या त्या अदलाबदलीकडे आम्ही आज असे पाहतो. दत्तात्रय लोहारांनी आपली गाडी दिली, यात हार नाही. हाताने घडवलेली वस्तू लहान होत नाही ती रस्त्यावरून बाजूला गेली म्हणून. ती जिथून इतरांना शिकता येईल अशा जागी गेली. पण प्रत्येक मिस्त्रीच्या नशिबात बोलेरो नसते. म्हणून शासनाकडे एक मागणे आहे. तंत्रनिकेतने आणि आयटीआय गावोगावी आहेत, त्यांच्याकडे आवारे आहेत, शिकवणारे आहेत. गॅरेजमध्ये काही नवे घडवणाऱ्याला आपला नमुना तिथे नेऊन तपासता यावा, काय चुकले ते त्याला समजेल अशा भाषेत कुणी सांगावे, एवढी सोय झाली तरी कितीतरी डोकी वाया जाणार नाहीत आणि कितीतरी मनगटे मोडणार नाहीत. दार नुसते बंद ठेवले की पोरे भिंत फोडून बाहेर पडतात. फोर्डने विटा फोडल्या होत्या, आमच्या विद्यार्थ्याने रस्ता धरला.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे वाचकांनी विचारले नाही तरी सांगतो. गाडीचा सांगाडा दोन-तीन पावसाळे गॅरेजमागे गंजत पडला होता. त्याने नवी वही घेतली. या वेळी पहिल्या पानावर बॉनेट नव्हते, ब्रेकचा ड्रम होता. पण ती गाडी त्याने कधी बांधली नाही. गॅरेज आता तोच चालवतो. अधू पायाच्या माणसांच्या स्कूटरला बाजूची दोन चाके लावणे, पायाचा ब्रेक हाताशी आणणे, हे काम तो करतो. ते नियमात बसणारे काम आहे, परिवहन कचेरीत त्याची रीतसर नोंद होते. पहिली स्कूटर त्याने अब्बांना करून दिली. मिस्त्री शेवटपर्यंत तिच्यावरून जुम्म्याच्या नमाजला जात. स्कूटर तयार करून झाली की तो तिच्यावर आधी स्वतः बसतो, पाण्याच्या डबक्यातून नेतो आणि उतारावर थांबवून पाहतो. गिऱ्हाईक घाई करते. तो ऐकत नाही.

त्या बाईकडे आम्ही तेव्हा मिस्त्रींबरोबर दोनदा गेलो. हात गळ्यात अडकवून ती ओसरीवर बसली होती. आम्ही माफी मागू लागलो, पण शब्द नीट येईनात. ती म्हणाली, "जाऊ द्या गुरुजी, पोरगाच हाये तो. पन भोंगा त वाजवाचा होता."

भोंगा गाडीला नव्हताच. दीड वर्षाच्या त्या कामात आम्ही रोज संध्याकाळी तिथे बसलो होतो. गाडीला रंग कोणता द्यावा यावर आमची तासन्‌तास चर्चा झाली होती. भोंगा लावायचे कुणालाही सुचले नाही, कारण समोरून कुणी येईल हे आमच्या मनातच आले नव्हते.

आमच्यासारखे जे शिक्षक आहेत, लिहिणारे आहेत, पोरांच्या पाठीवर थाप मारणारे आहेत, त्यांना एवढेच सांगणे. पोरगा वही उघडून आपल्या स्वप्नातील गाडी दाखवू लागला की वाहवा जरूर करावी. मग शेजारी बसून त्याला दोन गोष्टी विचाराव्यात. बेटा, ही थांबते कशी? आणि समोरून कोण येत आहे?